फायब्रॉइडचं दुर्बिणीतून ऑपरेशन: मशीन आत नेमकं काय करतं आणि धोका कुठे असतो?

एरवी आपण इथे प्रोसेसर, बॅटरी, यूपीआय असल्या गोष्टी उलगडून बघतो. आजही मशीनच बघणार आहोत, फक्त ते ऑपरेशन थिएटरमधलं आहे. कारण आई, मावशी किंवा ताईच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फायब्रॉइड' हा शब्द आला की त्याची पीडीएफ फिरत फिरत घरातल्या स्मार्टफोनवाल्याकडेच येते. माझ्याकडे मावशीची आली. तिने आधी आईला पाठवली, आईने मला. 'तू इंजिनिअर आहेस ना, बघ रे जरा काय लिहिलंय.' मावशीने थेट मला पाठवली नाही, कारण हे 'बायकांचं' दुखणं. असो.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणी कोणतं ऑपरेशन करावं हे मी सांगणार नाही. पण एखादं मशीन कसं चालतं, कुठे घोळ घालू शकतं आणि बाजारात कसं येतं, हे समजून घेणं माझ्या रोजच्या कामासारखंच आहे.

आधी थोडक्यात. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंपासून बनलेली गाठ. ती कॅन्सरची नसते आणि पन्नाशीपर्यंत बहुसंख्य बायकांना कधी ना कधी होते. अनेकींना त्रासच नसतो. ज्यांना खूप अंगावर जातं, हिमोग्लोबिन घसरतं, पोटात जडपणा राहतो किंवा गर्भ राहायला अडचण येते, त्यांच्या बाबतीत ऑपरेशनचा विषय निघतो. मग दोन मुख्य रस्ते असतात: नुसत्या गाठी काढायच्या, म्हणजे मायोमेक्टॉमी, किंवा गर्भाशयच काढायचं, म्हणजे हिस्टेरेक्टॉमी. आपल्याकडे दुसऱ्याला सरळ 'पिशवी काढली' म्हणतात.

नारळाएवढी गाठ बोटाएवढ्या भोकातून कशी निघते?

दुर्बिणीच्या ऑपरेशनचं नाव निघालं की सगळे खूश होतात. टाके कमी, दोन दिवसांत घरी. पण कोणी विचारत नाही की पोटावर जेमतेम एक-दीड सेंटिमीटरची छिद्रं असताना आतली मोठी गाठ बाहेर येते कुठून. ती तुकडे करून काढली जाते. त्यासाठी पॉवर मॉर्सेलेटर नावाचं यंत्र वापरतात. ही एक पोकळ नळी असते आणि तिच्या टोकाला गोल फिरणारं पातं असतं. चिमट्याने गाठ पात्याकडे ओढायची, पातं तिच्या पट्ट्या कापत जातं आणि त्या नळीतून बाहेर येतात. सफरचंदाचं साल एका पट्टीत सोलतो ना, साधारण तसं.

आता अडचण बघा. पातं वेगाने फिरतं आणि कापताना बारीक कण पोटात उडतात. गाठ साधी असली तरी ते कण कधीकधी आतड्यांवर किंवा पोटाच्या अस्तरावर रुजतात आणि तिथे नव्या गाठी वाढतात. आणि गाठ साधी नसून लायोमायोसारकोमा नावाचा कॅन्सर असेल, तर मशीनच तो पोटभर पसरवतं. यातली सगळ्यात वाईट बाब ही की ऑपरेशनपूर्वी ही दुर्मिळ गाठ आणि साधा फायब्रॉइड यांच्यातला फरक खात्रीने सांगणारी कोणतीही तपासणी नाही. सोनोग्राफीत दोन्ही सारखे दिसू शकतात. एमआरआयने संशय घेता येतो, खात्री देता येत नाही.

हे सगळ्या जगासमोर आलं ते अमेरिकेत. एमी रीड या स्वतः भूलतज्ज्ञ डॉक्टर, सहा मुलांची आई. ऑक्टोबर २०१३ मध्ये बॉस्टनमध्ये फायब्रॉइडसाठी त्यांचं गर्भाशय काढताना मॉर्सेलेटर वापरला गेला. नंतर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये लायोमायोसारकोमा निघाला. त्या आणि त्यांचे पती, हृदयशल्यविशारद हूमन नूरचश्म, यांनी हे यंत्र थांबवण्यासाठी मोहीम उघडली. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला: फायब्रॉइडसाठी ऑपरेशन होणाऱ्या सुमारे ३५० बायकांपैकी एकीला लपलेला सारकोमा असू शकतो, त्यामुळे हे यंत्र वापरणं टाळावं. त्याच महिन्यात जॉन्सन अँड जॉन्सनने आपल्या मॉर्सेलेटरची विक्री थांबवली आणि जुलैमध्ये यंत्रं बाजारातून परत मागवली. एमी रीड मे २०१७ मध्ये वारल्या.

इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात जास्त खटकलं ते यंत्राला मिळालेल्या परवानगीचं. अमेरिकेत पहिला मॉर्सेलेटर १९९१ साली मंजूर झाला तो 'फाइव्ह-टेन-के' नावाच्या मार्गाने. त्यात कंपनीने एवढंच दाखवायचं असतं की आपलं यंत्र बाजारात आधीच असलेल्या एखाद्या यंत्रासारखं आहे. त्यासाठी माणसांवर नव्याने चाचण्या घ्याव्या लागतीलच असं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर, जुन्या व्हर्जनची टेस्ट पास झाली होती म्हणून नवं व्हर्जन थेट प्रॉडक्शनवर. ॲपमध्ये असं केलं की ॲप क्रॅश होतं, रोलबॅक करता येतं.

३५० मध्ये एक, की हजारांत एक?

आकड्यांवरून डॉक्टरांमध्ये बराच वाद झाला, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. एफडीएने २०१७ मध्ये पुन्हा हिशेब मांडला तेव्हा सारकोमाचं प्रमाण २२५ मध्ये एक ते ५८० मध्ये एक असं आलं. अमेरिकेच्याच दुसऱ्या एका सरकारी संस्थेने त्याच वर्षी फक्त लायोमायोसारकोमाचा आढावा घेतला, तर ते दहा हजारांत एकाहून कमी ते १३ इतकं निघालं. एवढा फरक कसा? कोणते अभ्यास धरले, कोणते वगळले आणि कुठल्या वयाच्या बायका मोजल्या, यावर आकडा हलतो. वय वाढतं तसा धोका वाढतो. तिशीतल्या मुलीचा आणि पाळी बंद झालेल्या बाईचा आकडा एकच धरणं चूक आहे.

दुसरी बाजूही खोटी नाही. मॉर्सेलेटर पूर्ण बंद केला तर जास्त बायकांचं पोट उघडावं लागतं, आणि त्यात जखमेचा संसर्ग, पायात रक्ताची गुठळी, जास्त दिवस हॉस्पिटल हे धोके वाढतात. म्हणजे एका दुर्मिळ पण जीवघेण्या धोक्यासमोर अनेक लहान धोके. मला स्वतःला यातून एकच रास्त निष्कर्ष दिसतो: हा हिशेब पेशंटसमोर मांडला गेला पाहिजे, तिच्या वतीने कोणी परस्पर करायचा नाही.

मधला मार्ग म्हणजे पिशवी. ही गर्भाशयाची नव्हे, प्लॅस्टिकसारखी. गाठ आधी पोटातच एका बंद पिशवीत भरायची आणि तुकडे त्या पिशवीच्या आत करायचे. एफडीएने अशा पहिल्या पिशवीला एप्रिल २०१६ मध्ये परवानगी दिली, आणि २०२० मध्ये सांगितलं की मॉर्सेलेटर वापरायचाच तर पिशवीतच, आणि तोही योग्य पेशंटमध्येच. पिशवीलाही छिद्र पडू शकतं, त्यामुळे धोका कमी होतो, शून्य होत नाही.

मावशीने (वय ४६, शाळेत शिक्षिका) डॉक्टर मॅडमना हाच प्रश्न विचारला: 'गाठ बाहेर कशी काढणार?' मॅडमनी कागदावर चित्र काढून पाच मिनिटांत समजावलं आणि चिडल्या वगैरे अजिबात नाहीत. विचारायला संकोच वाटतो तो आपल्यालाच.

बाकीचे धोके

गाठ गर्भाशयाच्या आतल्या पोकळीत असेल तर पोटावर छेदच नसतो. योनीमार्गातून हिस्टेरोस्कोप घालतात. जागा दिसावी म्हणून आत सतत द्रव सोडतात, आणि त्यातला काही रक्तात शोषला जातो. जुन्या पद्धतीच्या करंटला ग्लायसीनसारखा मीठविरहित द्रव लागतो. तो जास्त शोषला गेला तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. म्हणून अशा द्रवाची मर्यादा साधारण एक लिटर, तर सलाइन वापरणाऱ्या नव्या पद्धतीत अडीच लिटर धरतात, तीही तब्येत धडधाकट असेल तर. आत गेलेला आणि बाहेर आलेला द्रव मोजणारं मशीन म्हणजे खरंतर एक वजनकाटा आणि एक वजाबाकी. पण त्या वजाबाकीवर जीव अवलंबून असतो.

पोटातून गाठी काढताना रक्तस्राव हा मोठा प्रश्न असतो आणि कधीकधी रक्त चढवावं लागतं. आतडी किंवा नळ्या एकमेकांना चिकटू शकतात. गर्भाशय राहिलं की नव्या गाठीही येऊ शकतात. शिवाय गर्भाशयाच्या भिंतीवर व्रण राहतो. पुढच्या गरोदरपणात तो फाटण्याचा थोडा धोका असतो, म्हणून खोल छेद गेला असेल तर बरेच डॉक्टर सिझेरियन ठरवून करतात. पुढे मूल हवं असेल तर 'छेद किती खोल गेला?' हे विचारून लिहून घ्या.

गर्भाशय काढताना मूत्रवाहिनी अगदी जवळून जाते आणि तिला इजा होऊ शकते. करंटच्या उपकरणाची उष्णता आजूबाजूला पसरते आणि आतड्याला बसलेला चटका कधीकधी दोन-चार दिवसांनी बाहेर येतो. घरी आल्यावर ताप, वाढतं पोटदुखी, पोट फुगणं दिसलं तर 'ऑपरेशननंतर होतंच असं' म्हणत बसू नका, हॉस्पिटल गाठा. अंडाशयही काढली तर रजोनिवृत्ती एकदम येते, अंगातून गरम वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात. अंडाशय ठेवली तरी ती काही बायकांमध्ये लवकर थकतात.

बीडच्या ऊसतोड कामगार महिलांचं प्रकरण आठवतंय? २०१९ मध्ये सरकारी समितीने सुमारे ८२ हजार जणींची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. अनावश्यक हिस्टेरेक्टॉमी रोखण्यासाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकाराव्यात, असा आदेश सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. त्यामुळे 'मुलं झाली, आता पिशवीचं काय काम' हे वाक्य ऐकलं की दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच. गोळ्या, हार्मोनची कॉपर-टीसारखी दिसणारी वस्तू, रक्तवाहिनी बंद करून गाठ सुकवणं, अल्ट्रासाउंडच्या उष्णतेने गाठ जाळणं असे पर्यायही आहेत. सगळे सगळ्यांना चालत नाहीत, पण त्यांची नावं तरी कानावर पडली पाहिजेत.

ऑपरेशननंतर काढलेल्या गाठीचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट साधारण आठवडाभरात येतो. तो आणायला कुणी विसरू नये म्हणून आजच फोनमध्ये रिमाइंडर लावा, आणि आल्यावर स्कॅन करून घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा.