कळ सोडताच बसणारा ठोका

येरवड्याच्या एका वाचकांनी विचारले आहे की, स्वहस्ते जोडलेल्या ४० मीटरच्या हौशी बिनतारी संचात बोलणे संपवून माइकची कळ सोडताच हेडफोनमध्ये जो ‘धप्प’ असा ठोका बसतो आणि त्यामागोमाग क्षणभर जी शीळ उमटते, त्यांचा बंदोबस्त कसा करावा, आणि त्यासाठी महागडा डिजिटल फिल्टर घ्यावा काय. फिल्टर घेऊ नये. तो आकाशातून येणाऱ्या गोंगाटावरचा इलाज आहे, आणि ही तक्रार घरातलीच आहे.

त्यांचा संच हैदराबादच्या अशर फरहान यांनी योजलेल्या ‘बिटएक्स’ जातीचा आहे. त्यात एकच क्रिस्टल फिल्टर ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या दोन्ही कामी येतो, आणि रिले ज्या दिशेच्या ॲम्प्लिफायरांना १२ व्होल्टचा पुरवठा देईल ती दिशा जागी होते. परंतु पुरवठा तोडला की ती तत्क्षणी निजते, असे मात्र नाही. दारे धरणारा शेतकरी जाणतो की, पाटाचे एक दार बुजवून दुसरे फोडले तरी मागे उरलेले पाणी काही काळ पहिल्याच वाफ्यात शिरत राहते. प्रेषणाच्या पुरवठ्याच्या तारेवरील कपॅसिटरांतला विद्युत्भारही तसाच सावकाश ओसरतो, आणि तेवढ्यात ग्रहणाची दिशा जागी झाली तर दोन्ही मिळून एक वर्तुळ पुरे होते व ते शीळ घालते. त्या तारेपासून ग्राउंडला एक किलोओहमचा रेझिस्टर जोडला की हा भार लवकर निचरतो.

येरवड्याचे नाव निघालेच आहे, तर थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. १९४२ साली मुंबईतून गुप्तपणे चाललेले काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झवर, बोलत असे. ही जागा आजच्या ४० मीटरच्या हौशी पट्ट्यातच येते. ते चालवल्याच्या खटल्यात चार वर्षांची सजा झालेल्या उषा मेहता येरवड्याच्या तुरुंगात होत्या, हे सर्वश्रुत आहे. पण प्रक्षेपक ज्यांनी उभा केला आणि पुढे पोलिसांना त्याचा ठिकाणाही ज्यांनी दाखवला, त्या नरिमन प्रिंटर यांचे नाव केवळ फितुरीच्या प्रकरणात घेऊन त्यांची कारागिरी दप्तराबाहेर ठेवली जाते, हे मला अपुरे वाटते. ते केंद्र केवळ बोलत असे, त्याच संचावर उत्तर ऐकण्याची त्याला गरज नव्हती. म्हणून आपल्या वाचकांची अडचण त्याच्या वाट्याला आली नाही.

आता ठोक्याविषयी. आवाजाची मूठ शून्यावर आणून कळ दाबून सोडावी. तरीही ठोका बसला तर दोष मुठीच्या पुढच्या ध्वनी-ॲम्प्लिफायरात किंवा त्याच्या पुरवठ्यात आहे, नाहीसा झाला तर अलीकडे. पहिल्या प्रकारात त्या ॲम्प्लिफायरचा पुरवठा मुळीच तोडू नये, कारण दर वेळी त्याचे कपॅसिटर नव्याने भरताना तो झटका थेट कानात उतरतो. दुसऱ्या प्रकारात मुठीच्या अलीकडे एक जेफेट ट्रान्झिस्टर स्विच म्हणून बसवून त्याच्या गेटवर एक मेगओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड यांची जोडी द्यावी. त्यांचा गुणाकार ४७ मिलिसेकंद होतो, आणि रिलेची पाने थरथरून स्थिरावण्यास तेवढा अवधी बहुधा पुरतो. रॉय लेवॅलन यांनी १९८० साली ‘क्यूएसटी’ मासिकात छापलेल्या ७ मेगाहर्ट्झच्या संचात हीच युक्ती आहे, आणि तिची नक्कल करणारे उदंड असले तरी त्यांचे नाव घेणारे थोडे. एवढ्यावरही ठोका उरलाच, तर रिलेच्या वेटोळ्यावरचा डायोड पाहावा. तो रिले चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरचा जीव वाचवतो खरा, पण रिलेला सुटण्यास उशीर करतो, आणि तेवढ्या मानाने गेटवरचा कपॅसिटर वाढवावा लागतो.