संशयकल्लोळाच्या अभ्यासाची साधने : खानदेशातील साडेतीन दशकांचा मागोवा

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली आणि तोवर पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेली जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालये नव्या विद्यापीठाच्या कक्षेत आली. तेव्हापासूनच्या साडेतीन दशकांत एखाद्या अभिजात सुखात्मिकेचा, म्हणजे गैरसमजांच्या गुंतागुंतीतून सुखद शेवटाकडे जाणाऱ्या नाटकाचा, अभ्यास येथील विद्यार्थी कोणत्या साधनांच्या आधारे करू शकत होता, हे पाहण्यास गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ हे उत्तम उदाहरण आहे. या नाटकाचा संहितेइतकाच त्याच्या पूर्वरूपांशी, गायनाशी आणि अभिनयपरंपरेशी संबंध असल्यामुळे त्याचा अभ्यास एका पुस्तकावर भागत नाही.

नाटकाची वंशावळ लांबची आहे. मोलियेरच्या १६६० मधील एका फ्रेंच प्रहसनावरून आर्थर मर्फी या नाटककाराने १७६१ मध्ये ‘ऑल इन द राँग’ हे इंग्रजी नाटक रचले. त्यावरून देवलांनी प्रथम गद्य नाटक लिहिले आणि अखेरीस त्याला पदांची जोड देऊन त्याचे संगीत नाटक केले. १९१६ मध्ये, देवलांच्या निधनानंतर काही महिन्यांनी, ते गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यात गणपतराव बोडस यांनी फाल्गुनराव आणि बालगंधर्वांनी रेवती साकारली. बालवयात जळगावात राहून मेहबूबखाँ यांच्याकडे गाणे शिकलेल्या बालगंधर्वांमुळे या नाटकाचा खानदेशाशी जवळचा धागा जुळतो.

१९९० च्या दशकात विद्यार्थ्याची भिस्त मुख्यतः छापील पुस्तकांवर होती. जळगावचे व. वा. वाचनालय आणि महाविद्यालयांची ग्रंथालये यांतून संहितेची एखादी प्रत व नाट्येतिहासाचे ग्रंथ मिळत, आणि संदर्भासाठी मराठी विश्वकोशाचे खंड हाताशी असत. या विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचे होत. मात्र मर्फीची इंग्रजी संहिता किंवा जुन्या आवृत्त्या पाहायच्या तर पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे आणि प्रयोग पाहणे तर नाटक कंपनीच्या दौऱ्यावरच अवलंबून असे.

इंटरनेटची सोय झाल्यावरही प्रारंभी मराठी अभ्यासकाला तिचा लाभ मर्यादितच होता, कारण मराठी मजकूर निरनिराळ्या खाजगी फाँटांत टंकलेला असे आणि तो शोधयंत्राला वाचता येत नसे. प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरीव संकेतांक देणारी युनिकोड पद्धती रुळली, तेव्हा देवनागरीत शोध घेणे शक्य झाले. पुढे विश्वकोशाच्या नोंदी संकेतस्थळावर आल्या, शोधगंगा या भांडारात भारतीय विद्यापीठांतील प्रबंध वाचण्यास खुले झाले आणि डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात प्रतिमांकित झालेली, म्हणजे पानापानाचे छायाचित्र घेतलेली, जुनी पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर उपलब्ध झाली. यास कायद्याचीही अनुकूलता होती : भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होते, त्यामुळे १९१६ मध्ये निवर्तलेल्या देवलांची नाटके निर्वेधपणे वाचता येतात, १९६९ मध्ये निवर्तलेल्या आचार्य अत्रे यांच्या ‘साष्टांग नमस्कार’ या नाटकाला मात्र हे अद्याप लागू होत नाही.

इंटरनेट आर्काइव्हवर शोध घेण्याचेही एक तंत्र आहे. अनेक मराठी पुस्तकांची नावे तेथे रोमन लिपीत, स्वर दुहेरी लिहून व अधूनमधून विरामचिन्हे घालून नोंदलेली आहेत. म्हणून देवनागरीत शोधणाऱ्यास पुस्तक नाहीच असे वाटते आणि लेखकाच्या आडनावाची दोन-तीन रोमन रूपे घालून पाहिल्यावर तेच पुस्तक समोर येते. नोंदीतील प्रकाशनवर्षही मुखपृष्ठामागील पानाशी ताडून पाहावे लागते, कारण पुनर्मुद्रणाचे वर्ष पहिल्या आवृत्तीचे समजले जाण्याचा संभव असतो.

या साधनांचा खरा लाभ संहिता शेजारी ठेवून वाचता येण्यात आहे. तिन्ही नाटकांत मूर्च्छित नायिकेला एक विवाहित गृहस्थ सावरतो, त्याची पत्नी ते पाहते, नायिकेच्या हातून पडलेली प्रियकराची तसबीर त्या पत्नीच्या हाती येते आणि पती-पत्नी परस्परांवर संशय घेऊ लागतात. परंतु मोलियेर व मर्फी यांची नायिका प्रतिष्ठित घरची कन्या आहे, तर देवलांची रेवती नायकिणीची मुलगी आहे. त्यामुळे तिचा प्रियकर अश्विनशेठ याच्या संशयामागे तत्कालीन समाजाचा स्त्रीविषयक पूर्वग्रहही उभा राहतो आणि विनोदाला गांभीर्याची जोड मिळते. हा फरक टीकाग्रंथातून कळतो. पण मूळ प्रवेश वाचल्यावर तो स्वतःच्या निरीक्षणाने सिद्ध करता येतो.

संगीताच्या बाबतीत ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर पदांचे शब्द, राग व गायकांची नावे मिळतात आणि यूट्यूबवर जुन्या ध्वनिमुद्रिका व प्रयोगांची चित्रमुद्रणे आढळतात. ती ऐकताना जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असे, हे ध्यानी ठेवले पाहिजे. ‘वन्समोर’ घेत रंगणाऱ्या पदाचा रंगमंचावरील विस्तार त्यावरून मोजता येणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत ग्रंथालये बंद असताना हीच साधने विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडली.

या साडेतीन दशकांत ग्रंथप्राप्तीची अडचण पुष्कळ कमी झाली आणि साधनांची पारख करण्याची जबाबदारी तितकीच वाढली. उरलेले काम खानदेशाचेच आहे. १९४४ मध्ये नाटककार मामा वरेरकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरवणारे धुळे आणि बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह उभारणारे जळगाव यांनी आपल्या वाचनालयांतील नाटकांच्या जुन्या प्रती, स्थानिक प्रयोगांची हस्तपत्रके आणि वृत्तपत्रांतील परीक्षणे प्रतिमांकित करून, शुद्ध देवनागरी नोंदींसह सर्वांना खुली केली पाहिजेत. आजवर बाहेरून आलेल्या साधनांवर शिकलेल्या या प्रदेशाकडून मराठी नाट्याभ्यासाला तशी भर पडणे शक्य आहे आणि आवश्यकही आहे.