बोटांच्या टोकापासून मेंदूपर्यंत

सुरतच्या वराछा भागातल्या हिरे कारखान्यांत ‘घंटी’ म्हणजे हिऱ्याला पैलू पाडायचे टेबल. त्याच्याभोवती चार रत्नकलाकार बसतात. मधोमध ओतीव लोखंडाची चकती वेगाने फिरत असते, तिच्यावर हिऱ्याचीच भुकटी तेलात कालवून लावलेली. कारागीर हिरा क्षणभर टेकवतो, उचलतो, भिंगातून पाहतो, पुन्हा टेकवतो. गोल ब्रिलियंट घाटात ५७ पैलू पाडायचे असतात, आणि खडा पुष्कळदा तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो. दाब किती द्यायचा ते हाताला कळते, असे आपण सहज म्हणतो. कळते ते मेंदूला.

सुरतच्याच लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. महापालिकेच्या मराठी शाळांत शिकणाऱ्या त्यांच्या मुलांना मेंदूची ओळख पुस्तकातल्या आकृतीपेक्षा या घंटीपासून करून दिली, तर ती अधिक पक्की होईल. आकृतीतली नावे परीक्षेपुरती पाठ होतात. काम करणारा हात मात्र मुलांना रोज दिसतो.

बोटाच्या त्वचेला दाब जाणवला की चेतातंतूंतून विजेचा सूक्ष्म संदेश निघतो. स्पर्शाचा संदेश सेकंदाला साधारण ५० मीटर वेगाने पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत शिरतो आणि तिथून मेंदूत पोहोचतो. मेरुरज्जू मोठ्या माणसात जेमतेम ४५ सेंटिमीटर लांब असतो. मेंदू आणि मेरुरज्जू मिळून झाली मध्यवर्ती चेतासंस्था. मेंदूचे वजन १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या सुमारे दोन टक्के. पण विसावलेल्या शरीराच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. गंमत म्हणजे त्यांतल्या जवळपास ८० टक्के डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूत असतात. हालचालीतला नेमकेपणा आणि तोल तोच सांभाळतो. नवशिक्या कारागिराचा हात सरावाने बसतो, त्यात त्याचा मोठा वाटा आहे.

मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा जणू नकाशाच असतो. मॉन्ट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी रुग्ण जागे असतानाच शस्त्रक्रिया करताना मेंदूला सौम्य विजेचा स्पर्श करून तो शोधला. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत, म्हणून हे जमले. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसले, की हात आणि ओठ यांच्या वाट्याला मेंदूतली भलीमोठी जागा आली आहे, तर सबंध पाठीला अगदी थोडी. वर्गात हे पडताळता येते. बोथट टोकांची हेअरपिन थोडी फाकवून, मित्राचे डोळे मिटवून, दोन्ही टोके एकदम टेकवायची. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरचे अंतरही वेगळे जाणवते. पाठीवर तीन सेंटिमीटर अंतर ठेवले तरी टोक एकच वाटते!

प्रत्येक गोष्ट मेंदूला विचारून होत नाही. तापल्या तव्यावर कळण्याची भाकरी उलटताना बोट चटकन मागे येते, तो हुकूम मेरुरज्जूचा. मेंदूला बातमी नंतर लागते. ही प्रतिक्षिप्त क्रिया.

मेंदूच्या तळाशी मस्तिष्कस्तंभ असतो. त्याचे काम मुलांना समजावणे जड वाटेल, पण सुरतमध्ये ते टाळू नये. इथल्या ‘डोनेट लाइफ’ संस्थेच्या प्रयत्नांतून अवयवदानाची चळवळ घराघरांत पोहोचली आहे. हृदय विमानतळावर नेताना रस्ते मोकळे ठेवलेले शहराने पाहिले आहेत. श्वासाची आज्ञा मस्तिष्कस्तंभातून सुटते. हृदयाला मात्र ठोक्यांची स्वतःची यंत्रणा आहे. त्यामुळे मस्तिष्कस्तंभ कायमचा मृत झाला तरी व्हेंटिलेटरवर हृदय काही काळ धडधडत राहते. नातेवाइकांना हेच पचवणे सर्वांत अवघड जाते. छाती हलते, अंग गरम लागते, तरी माणूस गेलेला असतो. हाच मेंदूमृत्यू. बेशुद्धीतून माणूस परतू शकतो, मेंदूमृत्यूतून नाही. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाला किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या कराव्या लागतात. डोळ्यांवर प्रकाश टाकून बाहुली आकसते का ते पाहतात, आणि व्हेंटिलेटरचा आधार काढून आपणहून श्वास येतो का तेही.

२०२१ मध्ये सुरतहून दान झालेले हात मुंबईत नेऊन दुसऱ्या माणसाला बसवण्यात आले. शिरा, स्नायू आणि हाडे शस्त्रक्रियेतच जोडली जातात. चेतातंतू मात्र जोडापासून नव्याने वाढत बोटांकडे जातात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटाच्या वरपासून बोटांच्या टोकांपर्यंत पोहोचायला त्यांना कित्येक महिने लागतात. या काळात रोज व्यायाम करून घ्यावा लागतो, आणि मेंदूतला हाताचा नकाशा हळूहळू पुन्हा कामाला लागतो.