एक वीत अंतर : घरासाठी मायक्रोफोन निवडताना

कोणत्याही कुटुंबाच्या कपाटात छायाचित्रांचे चार-दोन संग्रह सहज सापडतात. लग्नकार्ये, बारशी, यात्रा, शाळेची स्नेहसंमेलने असे सारे काही त्यांत असते. पण त्याच घरातील आजोबा कोणत्या ढंगाने बोलत, आजी जात्यावरच्या ओव्या कोणत्या सुरात म्हणत असे, असे नातवाने विचारले तर त्याला ऐकवायला काहीच नसते. चेहरे जपले गेले, आवाज निसटले.

आता हे चित्र पालटू लागले आहे. कोणी घरातून शिकवणी घेतो, कोणी पाककृती थेट प्रक्षेपणाने दाखवतो, कोणी वडीलधाऱ्यांच्या आठवणी पॉडकास्टच्या रूपाने नातलगांना ऐकवतो. ज्यांची बोटे आता कळफलकावर नीट चालत नाहीत, असे ज्येष्ठ बोलून मजकूर लिहितात. या सर्वांना प्रथम जाणवते ती एकच उणीव : आवाज स्वच्छ येत नाही. चित्र थोडे अंधूक असले तरी प्रेक्षक निभावून नेतो. शब्द कळेनासे झाले की तो उठून जातो. मग मायक्रोफोनचा शोध सुरू होतो आणि बाजारातील शेकडो खोकी पाहून मन गोंधळते. हा गोंधळ टाळायचा असेल तर निवडीचा आरंभ खोक्यावरील जाहिरातीपासून नव्हे, तर आपल्या कामापासून आणि आपल्या खोलीपासून करावा.

एका डबीत तीन उपकरणे

यूएसबी मायक्रोफोन म्हणजे वस्तुतः तीन उपकरणांचा संसार आहे. पहिले, आवाजाच्या लहरींचे विजेच्या स्पंदनांत रूपांतर करणारा पडदा. दुसरे, ही क्षीण स्पंदने बलवान करणारा प्रवर्धक. आणि तिसरे, त्या स्पंदनांचे अंकांत रूपांतर करणारे मंडल. ध्वनिमुद्रणगृहात ही तिन्ही कामे वेगवेगळी यंत्रे करतात. यूएसबी जोडणीचे पहिले मानक 1996 मध्ये आले. पुढे ही सारी साखळी एका डबीत मावली व त्याच तारेतून तिला वीजही मिळू लागली. संगणकाला तार जोडली की काम सुरू होते, हा तिचा मोठा गुण.

तिची मर्यादाही जाणून घ्यावी. असे दोन मायक्रोफोन एकाच संगणकाला जोडून एकाच वेळी मुद्रण करणे त्रासाचे ठरते, कारण प्रत्येकाचे अंतर्गत घड्याळ स्वतंत्र चालते आणि दीर्घ मुद्रणात दोन आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकतात. म्हणून पुढे दोन-तीन वक्त्यांचा कार्यक्रम करण्याचा मानस असेल, तर यूएसबीबरोबरच जुन्या पद्धतीची तीन टोकांची एक्सएलआर जोडणीही असलेला मायक्रोफोन घ्यावा. सॅमसन क्यूटूयू आणि ऑडिओ-टेक्निका एटीआर 2100 एक्स ही या प्रकारची परिचित उदाहरणे आहेत. आज तो संगणकाला थेट जोडता येतो. उद्या मिक्सर घेतला तरी टाकून द्यावा लागत नाही.

खोली काय ऐकवते?

मायक्रोफोन मुख्यतः दोन जातींचे असतात. डायनॅमिक प्रकारात पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते व ते चुंबकाच्या क्षेत्रात हलते. लाउडस्पीकरचेच कार्य येथे उलट दिशेने घडते. सभांत व गायनाच्या मंचावर दिसणारा शूर कंपनीचा एसएम 58 हा याच जातीचा असून तो 1966 पासून वापरात आहे. कंडेन्सर प्रकारात अतिशय पातळ पडदा आणि त्याच्या मागील स्थिर पट्टी यांच्यातील अंतर बदलते व त्यातून विद्युत्संकेत निर्माण होतो. ई. सी. वेंट यांनी 1916 मध्ये अमेरिकेत हा प्रकार सिद्ध केला. 1962 मध्ये बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी कायम विद्युत्भार धारण करणाऱ्या पडद्याचा, म्हणजे इलेक्ट्रेट मायक्रोफोन तयार केला. घराघरांत पोहोचलेले स्वस्त व लहान मायक्रोफोन ही त्या शोधाची देणगी आहे.

कंडेन्सर संवेदनशील असतो. श्वासाचा हलका स्पर्शही तो टिपतो आणि आवाजाला एक झळाळी देतो. पण तीच संवेदनशीलता आपल्याकडील घरांत अडचणीची ठरते. फरशीची जमीन, गिलाव्याच्या उघड्या भिंती, डोक्यावर फिरणारा पंखा, खिडकीबाहेरची वाहने आणि स्वयंपाकघरातील कुकरची शिटी, हे सारे तो तितक्याच आस्थेने टिपतो. अशा खोलीत डायनॅमिक मायक्रोफोन पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो. मात्र तो गोंगाट ओळखून वगळतो, अशी समजूत करून घेऊ नये. तो कमी संवेदनशील असल्यामुळे त्याच्या अगदी जवळ बोलावे लागते, आणि जवळ बोलल्यामुळे गोंगाटाच्या तुलनेत बोलणाऱ्याचा आवाज मोठा ठरतो. खरा लाभ जवळिकीचा आहे.

आपली खोली कशी आहे, हे जाणण्याचा सोपा उपाय म्हणजे टाळी. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. तिच्या मागे खणखणीत नाद रेंगाळला, तर त्या खोलीत बोललेला प्रत्येक शब्दही तसाच रेंगाळणार. जाड पडदे, गादी, सतरंजी, पुस्तकांनी भरलेली मांडणी यांनी हा नाद पुष्कळ कमी होतो. दिवाणखान्यापेक्षा गादी-उशांनी भरलेली निजण्याची खोली ध्वनिमुद्रणाला बरी, ती यामुळेच.

वीत आणि चार बोटे

मोकळ्या जागेत ध्वनीच्या स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे 6 डेसिबलने उतरते. भिंतींवरून परतणारा नाद व पंख्याची घरघर मात्र खोलीभर जवळपास सारखीच असते. म्हणून बोलणारा मायक्रोफोनपासून दूर गेला की त्याचा स्वतःचा आवाज घटतो, खोलीचा घटत नाही. लॅपटॉपमधील मायक्रोफोनची तक्रार मुख्यतः हीच आहे : तो तोंडापासून हातभर लांब असतो व त्याच्या शेजारीच कळफलक आणि संगणकाचा पंखा असतो.

आपल्याकडची जुनी मापे येथे नेमकी उपयोगी पडतात. कंडेन्सर मायक्रोफोन तोंडापासून एक वीत, म्हणजे साधारण 9 इंचांपर्यंत असावा. डायनॅमिक चार बोटांवर, म्हणजे सुमारे 3 इंचांवर. त्याहून जवळ गेल्यास आवाजातील खर्ज अवास्तव फुगतो. मराठीतील प, फ, ब, भ या ओष्ठ्य वर्णांबरोबर हवेचा झोत बाहेर पडतो आणि पडद्यावर आदळून धप्प असा आवाज करतो. मायक्रोफोनपुढे पातळ जाळी लावावी, किंवा तो तोंडासमोर न धरता किंचित बाजूला ठेवून तोंडाकडे वळवावा. झोत पुढे निघून जातो व शब्द तेवढे पोहोचतात.

मायक्रोफोन कोणत्या दिशेने ऐकतो, हाही निवडीचा मुद्दा आहे. बहुतेक यूएसबी मायक्रोफोन हृदयाकृती असतात : समोरचे उत्तम ऐकतात, बाजूचे कमी व पाठीमागचे सर्वांत कमी. त्यामुळे पंखा, खिडकी किंवा संगणक त्याच्या पाठीशी येईल अशी मांडणी करावी. काही मायक्रोफोनांत ही दिशा बदलता येते. 2009 मध्ये आलेल्या ब्लू यती या लोकप्रिय मायक्रोफोनमध्ये तीन कंडेन्सर घटक असून हृदयाकृती, द्विदिश, सर्वदिश आणि स्टिरिओ असे चार पर्याय आहेत. समोरासमोर बसलेल्या दोघांच्या संभाषणाला द्विदिश पर्याय योग्य. चौघे भोवती बसणार असतील तर सर्वदिश. मात्र सर्वदिश पर्याय खोलीलाही चारी बाजूंनी ऐकतो, हे विसरू नये. या मायक्रोफोनच्या टोकाशी तोंड नेऊन बोलणारे अनेक जण दिसतात. वास्तविक तो उभा ठेवून त्याच्या दर्शनी बाजूशी बोलायचे असते. कोणताही मायक्रोफोन घेतल्यावर त्याचे तोंड कोणते, हे माहितीपत्रकात आधी पाहावे.

आकड्यांचा मोह

खोक्यावर 192 किलोहर्ट्झ, 24 बिट असे आकडे ठळक छापलेले असतात. मानवी कान फार तर 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि तेवढे टिपण्यासाठी त्याच्या दुपटीहून थोडी अधिक, म्हणजे 44.1 किंवा 48 किलोहर्ट्झची नोंद पुरेशी होते. 16 बिटांत सुमारे 96 डेसिबलचा पल्ला मावतो, तर घरातील खोलीची शांतता त्यापुढे कितीतरी गजबजलेली असते. बोलण्यासाठी 48 किलोहर्ट्झ, 16 बिट, एकमार्गी नोंद केल्यास तासाला सुमारे 346 मेगाबाइट जागा लागते. 192 किलोहर्ट्झ व 24 बिट निवडले तर तीच सहापट होते आणि ऐकणाऱ्याला फरक जाणवत नाही. या आकड्यांसाठी अधिक पैसे मोजू नयेत.

त्याऐवजी तीन साध्या गोष्टी पाहाव्यात. आपला आवाज विलंबाविना ऐकता यावा म्हणून हेडफोनची खाच, पातळी कमी-जास्त करण्याची चकती आणि आवाज तत्काळ बंद करणारे बटण. मेजावर ठेवायच्या स्टँडमधून टेबलाची प्रत्येक थाप मायक्रोफोनपर्यंत पोहोचते. झुलता हात बसवण्यासाठी आटे असल्यास उत्तम, अन्यथा खाली घडी घातलेला जाड टॉवेलही पुष्कळ काम करतो.

ज्याचे त्याचे काम

थेट प्रक्षेपणात चुकीला दुरुस्ती नसते. म्हणून तेथे आवाज बंद करणारे बटण आणि कानावर हेडफोन या दोन बाबी अनिवार्य मानाव्यात. लाउडस्पीकरमधून येणारा आवाज मायक्रोफोनमध्ये परत शिरला की प्रतिध्वनीचे चक्र सुरू होते. पॉडकास्टमध्ये नंतर काटछाट करता येते. ऑडॅसिटीसारखी विनामूल्य आज्ञावली त्यासाठी पुरते. बोलण्याआधी खोलीची दहा सेकंदांची शांतता मुद्रित करून ठेवावी. पार्श्वभूमीची घरघर कमी करताना आज्ञावलीला तोच नमुना उपयोगी पडतो. पातळी अशी ठेवावी की मोठ्याने उच्चारलेला शब्दही शून्याच्या खाली, उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहील. शून्याला भिडून फाटलेला आवाज नंतर पुरता सांधता येत नाही.

श्रुतलेखनाची गरज निराळी आहे. तेथे आवाजाची गोडी नव्हे, तर शब्दांची स्पष्टता आणि अंतराचे सातत्य महत्त्वाचे असते. ज्येष्ठ व्यक्ती बोलता बोलता मागे टेकते, मान वळवते. मेजावरचा मायक्रोफोन तेथेच राहतो. अशा वेळी डोक्यावर बसणारा साधा यूएसबी हेडसेट महागड्या मायक्रोफोनहून सरस ठरू शकतो. गूगल डॉक्समध्ये बोलून मराठी मजकूर लिहिण्याची सोय आहे. मात्र नवा मायक्रोफोन जोडल्यावर ब्राउझरमध्ये त्याचीच निवड झाली आहे ना, हे तपासावे. अनेकदा संगणक आपल्या अंगच्याच मायक्रोफोनने ऐकत राहतो आणि दोष नव्याला लागतो. विशेषनामे व विरामचिन्हे नंतर हाताने दुरुस्त करावी लागतील, अशी तयारी ठेवावी. शिवाय हा आवाज इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकांकडे जातो, म्हणून खासगी पत्रे व आर्थिक व्यवहार लिहिताना विवेक बाळगावा.

खरेदीपूर्वी एक प्रयोग

दुकानात जाण्याआधी घरीच एक प्रयोग करावा. पडदे ओढावेत, पंखा बंद करावा, पलंगाशेजारी बसावे, मोबाइल तोंडापासून एक वीत अंतरावर धरावा आणि मिनिटभर बोलून ते हेडफोनने ऐकावे. मग तोच मजकूर दिवाणखान्यात, पंखा चालू ठेवून, मोबाइल हातभर दूर ठेवून मुद्रित करावा. दोहोंतील भेद ऐकला की किती सुधारणा पैशाविना होते आणि कितीसाठी खरोखर मायक्रोफोन हवा, हे ज्याचे त्याला कळते. पहिल्याच मुद्रणाने समाधान झाले, तर खरेदी पुढे ढकलण्यात काहीच उणेपणा नाही.

घरातील वृद्धांचा आवाज मुद्रित करायचा असेल, तर मात्र कोणत्याही खरेदीची वाट पाहू नये. त्यांची संमती घ्यावी, त्यांना सोयीची वेळ निवडावी, मोबाइल जवळ ठेवावा आणि त्यांना बोलू द्यावे. मुद्रणाला दिनांक व बोलणाऱ्याचे नाव द्यावे व त्याच्या प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी जपाव्यात. पुढच्या महिन्यात उत्तम मायक्रोफोन आला, तर त्याच आठवणी पुन्हा विचारता येतील. आजी त्या दुसऱ्यांदा सांगेल तेव्हा बहुधा आणखी एखादी आठवण त्यात भर घालील.