काळी दोन

पहाटे ४:४०
मिरजेतल्या एका गल्लीतलं महादेवाचं देऊळ. अण्णा पायरीवर बसून सनईची पत्ती तोंडात भिजवताहेत. कोरडी पत्ती बोलत नाही, फुटते. थंडीत तिला जास्त वेळ लागतो. कार्तिक चालू आहे, काकड्याला आठ-दहा म्हातारी माणसं जमलीत. तुळशीचं लग्न आठवड्यावर आलंय.

अण्णा गुरव. वय सत्तेचाळीस. सनई वडलांची, खाली पितळी वाटी, मधे चिरेवर तांब्याची तार गुंडाळलेली. सातवीत असताना हातात आली. विसाव्या वर्षी सुटली, कारण बँडला कॅसिओ वाजवणारा हवा होता आणि त्याला सनईवाल्याच्या दुप्पट पैसे होते. मग सत्तावीस वर्षं कीबोर्ड. सनई परत धरली ती गेल्या श्रावणात.

भूपाळी सुरू होते. पहिली पाच मिनिटं बरी जातात. मग ओठ थकतात, कडेनं हवा सुटते. अण्णा थांबत नाहीत, फक्त खालच्या सुरांवर उतरतात. ऐकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. त्यांच्या स्वतःच्या येतं. आरती झाल्यावर गाल चोळत म्हणतात, "बोटांना सगळं आठवतंय. ह्यो गडीच विसरलाय." गडी म्हणजे दम.

देवळाचे महिन्याला दीड हजार. शिधा वेगळा.

सकाळी ६:३०
घरी चहा. वही उघडते. शाळेची शंभर पानी, मागच्या पानावरून सुरुवात केलेली.

बनारसची सनई, ११,०००. कॉर्डलेस माईक, ४,८००. बॅटरीवरचा स्पीकर, १४,५००. कुरिअर, ४५०. बेरीज ३०,७५०.

खाली दुसरा हिशेब. हॉलवर, लॉनवर आता सनईवाला एकटा बोलावतात. दारात स्वागताला तासभर, मुहूर्ताला अर्धा तास. सुपारी साडेतीन हजार. बँडमधे कीबोर्डची सुपारी अकराशे. म्हणजे नऊ लग्नांत सामान फिटतं. ही नऊची संख्या त्यांनी दोनदा गोल केलीय.

जुनी सनई का चालत नाही, तेही दाखवतात. मोबाईलवर तंबोरा लावतात, काळी दोन. सनई फुंकतात. ती काळी दोनच्या वर आणि पांढरी तीनच्या खाली, मधेच कुठंतरी बोलते. वडलांना याची अडचण नव्हती. त्यांच्या शेजारी सूर धरायला चुलते असायचे आणि दोन्ही सनया एकाच हातानं केलेल्या, जोडीच्या. दोघं मिळून जिथं असतील तिथं षड्ज. आता चुलते नाहीत, त्यांची सनईही कुठं गेली पत्ता नाही. सूर मोबाईल धरतो, आणि मोबाईल कुणासाठी सरकत नाही.

अण्णा पितळी नळीला दोऱ्याचे चार वेढे जास्त देतात, म्हणजे ती जरा बाहेर राहते. खालचा सा काळी दोनला येऊन बसतो. वरचा सा लगेच बिघडतो.

"आता सांगा," म्हणतात. मी काय सांगणार!

सकाळी ८:३०
लग्नसराई नसते तेव्हा अण्णा एका सतारमेकरांच्या कारखान्यात पॉलिशला जातात. पाचशे रुपये हजेरी. आज अर्धीच भरणार, पुढं बँक आहे.

माळ्यावर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेत. चपडी लाख स्पिरिटमधे विरघळवलेली. कापसाच्या गोळ्यावर मलमल, त्याचा बोळा तंबोऱ्याच्या पोटावर गोल गोल फिरतो. एक हात मारायचा, वाळू द्यायचा, पुन्हा मारायचा. स्पिरिटनं डोळे चुरचुरतात. कोपऱ्यात चाचा जवारी काढायला बसलेत. घोडी कानशीनं घासायची, तारेखाली दोरा सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तासाभरात त्यांनी दोन वाक्यंही बोललेली नाहीत.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेचं नाव तारेच्या वाद्यांचं. फुंकायचं वाद्य अण्णांना बनारसहून मागवावं लागतं. चाचांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारं गेली, हात सतारीकडं वळले. अण्णांना हे ठाऊक आहे. चाचांना ते कधी कधी ऐकवतातही, "तुमच्या आज्ज्यापंज्याला कुणी कोटेशन मागितलं न्हाई चाचा."

सकाळी ११:४०
बँक. कर्जाच्या टेबलापाशी चार माणसं पुढं. अण्णांच्या पिशवीत आधार, पॅन, रेशनकार्ड, वीजबिल, पासबुक. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, वीस रुपये झाले.

मुद्रा योजना २०१५ ची. तिच्यात शिशु नावाचं कर्ज आहे, ५०,००० पर्यंत, तारण लागत नाही. अण्णांना तीस पुरे. टेबलावरची पोरगी नीट बोलते, घाईत असूनही.

"व्यवसाय काय लिहू काका?"

"सनई वाजवतो."

ती थांबते. "म्युझिक सर्व्हिसेस लिहिते." मग उद्यम नोंदणीचा कागद मागते. तो नाही. सामानाचं कोटेशन मागते, जीएसटी नंबरसकट. स्पीकरचं आहे, छापील. सनईचं आहे ते मोबाईलमधे. बनारसच्या कारागिरानं वहीच्या चिठोऱ्यावर आकडा लिहून फोटो पाठवलाय. आकड्याखाली सनई चितारलीय, सातही भोकं मोजून.

पोरगी फोटो मोठा करून बघते. हसत नाही, याचं मला बरं वाटलं. "हे चालणार नाही काका. दुकानाचं बिल आणा."

"दुकान न्हाई त्याचं. घरी करतो."

उद्यम करून परत या, असं ठरतं.

दुपारी १:१०
सेवा केंद्र. उद्यमची नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे. केंद्रवाला पोरगा टाइप करण्याचे दीडशे घेतो. अण्णांचा अंगठा मशीनवर लवकर उमटत नाही, लाखेनं बोटांची टोकं गुळगुळीत झालीत. तिसऱ्यांदा उमटतो.

पोरगा आपणहून विश्वकर्मा योजना उघडतो. ही २०२३ ची. अवजारांना १५,०००, शिवाय पाच टक्क्यानं कर्ज. स्क्रीनवर अठरा धंद्यांची यादी येते. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चांभार, गवंडी, शिंपी, परीट, न्हावी, हार करणारा, टोपल्या विणणारा. पोरगा खालपर्यंत जातो, पुन्हा वर येतो. वाजवणारा नाही.

गावगाड्यात गुरवाला बलुतं होतं. बारांत गणती होती.

"न्हावी करता का?" पोरगा गमतीनं विचारतो. अण्णाही हसतात. बाहेर आल्यावर वडापाव, दोन, तीस रुपये. मला देऊ देत नाहीत.

दुपारी ३:३०
बँडमालकाचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. भिंतीला लाल कोट, टोप्या, कोपऱ्यात दोन युफोनियम दुमडलेल्या चादरीवर निजलेले. पतसंस्थेत दोन जामीनदार नाहीतर सोनं मागतात. अण्णांकडं दोन्ही नाही, म्हणून तिकडं गेलेच नाहीत. मालक मात्र उचल देतात. कागद नाही, जामीन नाही, वीस वर्षांची ओळख.

"किती?"

"तीस."

मालक ड्रॉवर उघडतातसुद्धा. "घ्या की. सुपारीमागं पाचशे कापतो. तुळशीच्या लग्नापासून आखाडापत्तोर कीबोर्ड आपल्याकडंच. दुसरीकडं तारीख घ्यायची न्हाई."

पाचशेप्रमाणे साठ सुपाऱ्या. सबंध हंगाम. सनई घ्यायला पैसे मिळतात, आणि ज्या तारखांना ती वाजवायची त्या तारखा मालकाकडं राहतात. मालक काही वाईट बोललेले नाहीत. हंगामात कीबोर्डवाला पळाला तर त्यांच्या बावीस माणसांची गाडी अडते.

अण्णा म्हणतात, "उद्या सांगतो." ड्रॉवर बंद होतो. चहा येतो, तो घ्यावाच लागतो.

संध्याकाळी ७:१५
वहिनी भाकऱ्या करताहेत. अण्णा दाराशी बसून दिवसभराचं सांगतात. बँक दोन वाक्यांत, मालक एका वाक्यात.

वहिनींची भिशी आहे. बारा बायका, महिन्याला हजार. त्यांचा नंबर माघात. भाकरी तव्यावर टाकता टाकता त्या म्हणतात, "शिंपीणबाईंचा नंबर ह्या महिन्याला हाय. बदलून घेते का बघते. तीनशे मागंल."

बारा हजारांतून तीनशे गेले, उरले अकरा हजार सातशे. सनई आणि कुरिअर धरून अकरा हजार साडेचारशे. अण्णा हिशेब तोंडी करतात, वही आणत नाहीत. उरतात अडीचशे. स्पीकर मग मांडववाल्याकडून भाड्यानं, माईकसकट सातशे रुपये दिवस. साडेतीन हजारांतले सातशे.

"देईल का ती?"

"जेवा आधी."

रात्री ९:५०
पलीकडच्या घरात पोराची परीक्षा आहे, म्हणून सनईच्या वाटीत फडकं कोंबलंय. अर्धा तास नुसता सा. एक लांब, मग दुसरा. मी घड्याळ लावतो. पहिला अकरा सेकंद. दहावा सतरा. वडील गालात हवा साठवून नाकानं श्वास घ्यायचे, सूर तुटायचाच नाही. अण्णांना ते तीनदा जमतं, चौथ्यांदा ठसका लागतो. आज दिवसभरात पदरमोड दोनशे रुपये, शिवाय बुडालेली अर्धी हजेरी अडीचशे.

बनारसहून मेसेज आलेला असतो, दुपारचाच. कौन सा सुर चाहिए, ठीक से बताइए, लकड़ी काटनी है.

अण्णा खाटेखालून कीबोर्ड ओढतात. वरचा टॉवेल काढतात, प्लग लावतात, आवाज बेताचा ठेवतात. मोबाईल स्पीकरजवळ धरून बटण दाबतात आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं काळी दोन. मनात दहा मोजून बोट उचलतात.

"इतना," मोबाईलला सांगतात. "बराबर इतना. इधर-उधर नहीं."

पाठवून देतात. पैशाचं काही बोलत नाहीत. मग चार पंधराचा गजर लावून पत्ती पुसायला घेतात.