मनोविकारांचे निदान आणि रुग्णाचे वय

मनोविकाराचे निदान करताना रुग्णाचे वय हा केवळ नोंदीपुरता तपशील नसतो. एकच विकार आयुष्याच्या निरनिराळ्या अवस्थांत निरनिराळ्या रूपांनी प्रकट होतो. तसेच भिन्न विकार कधीकधी सारखेच दिसतात. विषण्णतेच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

प्रौढ व्यक्तीच्या ठिकाणी सततची खिन्नता, कशातही रस न वाटणे, निद्रानाश, थकवा, आत्मनिंदा, मृत्यूचे विचार यांपैकी अनेक लक्षणे किमान दोन आठवडे टिकली, म्हणजे या विकाराची शंका घ्यावी लागते. बालकास मात्र आपले दुःख शब्दांत मांडता येतेच असे नाही. चिडचिड, पोटदुखीची तक्रार, शाळेस जाण्याची टाळाटाळ या रूपांनी ते बाहेर पडते. म्हणूनच अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत मुले व किशोर यांच्या बाबतीत खिन्नतेऐवजी चिडखोरपणाही ग्राह्य धरला आहे.

वार्धक्यात प्रश्न अधिक बिकट होतो. विषण्ण वृद्धाचे विचार मंदावतात, स्मरण दगा देते, बोलणे खुंटते. ‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून घरची माणसे ते स्वाभाविक मानतात, आणि उपचाराने बरा होऊ शकणारा विकार तसाच राहतो. बुद्धिभ्रंशाचा आभास उत्पन्न करणाऱ्या अशा अवस्थांकडे एल. जी. किलोह यांनी १९६१ साली तज्ज्ञांचे लक्ष वेधले. सामान्यतः विषण्ण रुग्ण विस्मरणाची तक्रार स्वतःच करतो आणि प्रश्न विचारता ‘ठाऊक नाही’ म्हणून थांबतो; बुद्धिभ्रंशाचा रुग्ण उणीव झाकू पाहतो. पहिल्याचा आरंभ बहुधा सांगता येतो. दुसरा नकळत वाढतो. मात्र ही लक्षणे निर्णायक नव्हेत. दोन्ही विकार एकत्र असू शकतात, आणि थायरॉइड ग्रंथीची मंदता किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही बुद्धी मंदावते. यास्तव रक्ततपासणी व काही काळ निरीक्षण अवश्य ठरते.

उलटपक्षी, वय कमी म्हणून बुद्धिभ्रंश नाकारणेही चूक होय. अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफुर्ट येथे तपासलेली, पुढे प्रसिद्धी पावलेली रुग्ण स्त्री अवघी ५१ वर्षांची होती.

सारांश, वयामुळे कोणत्या शक्यता आधी पडताळाव्यात हे कळते. निदान मात्र तपासणीनेच करावे लागते. विशेषतः वृद्धाच्या बाबतीत ‘वयोमानाने असे व्हायचेच’ हे उत्तर तपासणीपूर्वी देणे म्हणजे त्याला उपचाराची संधीच नाकारणे होय.