सैतान, मगर आणि फ्रीमेसन

मुंबईत फोर्ट भागात स्टर्लिंग सिनेमाजवळ फ्रीमेसन या बंधुसंघाचा ‘फ्रीमेसन हॉल’ आहे. त्याचा विषय निघाला की कोणीतरी आवाज खाली आणून सांगतंच, ‘आत सैतानाची पूजा चालते म्हणे!’ ब्रिटिश अमदानीत उत्तर हिंदुस्थानात मेसनांच्या लॉजला, म्हणजे शाखेच्या जागेला, ‘जादूघर’ म्हणत. किपलिंगच्या ‘किम’ कादंबरीतही तो शब्द आहे. बंद दारं, एप्रन बांधलेले साहेब आणि आत काय चाललंय याचा कोणालाच पत्ता नाही, म्हटल्यावर अफवा पिकणारच. तेव्हाचं एक वेळ ठीक होतं. आज हीच गोष्ट मोबाइलवर ‘पुराव्यासकट’ फिरते आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं ती पुढे ढकलतात.

पुरावा कोणता, तर अमेरिकन मेसन आल्बर्ट पाइक याच्या नावावरचा एक उतारा. १४ जुलै १८८९ रोजी त्याने जगभरच्या वरिष्ठ मेसनांना ल्युसिफर, म्हणजेच सैतान, हाच आपला देव असल्याचं कळवलं, असा त्याचा आशय. पाइकच्या लिखाणात हा उतारा कुठेही नाही. तो पाइक वारल्यानंतर, १८९४ सालच्या एका फ्रेंच मेसनविरोधी पुस्तकात उगवतो, आणि त्याचा माग लिओ टाक्सिल या लेखकाच्या बनावट साहित्यापर्यंत पोचतो.

हा टाक्सिल मोठा वल्ली. खरं नाव गाब्रिएल जोगां-पाजेस, जन्म मार्सेचा. आधी चर्चची टवाळी करणारी पुस्तकं लिहून त्याने पोट भरलं. १८८४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी मेसनांविरुद्ध धर्मपत्र काढलं, आणि पुढच्याच वर्षी टाक्सिलला पश्चात्ताप झाला! तो चर्चच्या कळपात परतला आणि मेसनांची ‘रहस्यं’ छापू लागला. १८८७ मध्ये खुद्द पोपनी त्याला भेट दिली. पुढे ‘डॉक्टर बाताय’ या टोपणनावाने त्याच्याच गोटातून एक जाडजूड ग्रंथ हप्त्याहप्त्याने निघाला. त्यात सैतान मगरीचं रूप घेऊन पियानो वाजवतो, आणि कथानायक सैतानपूजकांच्या शोधात सिलोन, पाँडिचेरी, कलकत्ता असा हिंडतो. कलकत्त्याच्या एखाद्या वाचकाच्या हाती तो पडता, तर थाप ओळखायला मगरीपर्यंत जायची गरजच उरली नसती.

१९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसच्या भूगोल संस्थेच्या सभागृहात टाक्सिल आपली मुख्य साक्षीदार डायना वॉन हिला लोकांपुढे आणणार होता. सैतानाच्या पंथातून सुटून आलेली म्हणून ही बाई गाजत होती. व्यासपीठावर आला तो एकटाच. गेली बारा वर्षं आपण सगळ्यांची थट्टा केली, डायना वॉन ही आपली टंकलेखिका, असं त्याने शांतपणे सांगून टाकलं. सभागृहात असा गदारोळ उडाला की त्याला पोलिसांच्या पहाऱ्यात बाहेर काढावं लागलं. म्हणजे बनवाबनवी करणाऱ्यानेच कबुली देऊन सव्वाशे वर्षं उलटली. पियानोवाली मगर कोणाला खरी वाटत नाही. पाइकचा उतारा मात्र अजून खपतो. यावर आणखी काय बोलावं?

मग आत चालतं तरी काय? बरंचसं पाठांतर आणि नीतिपाठ. खरं सांगायचं तर बाहेरच्याला ते कंटाळवाणं वाटेल. मेसन म्हणजे गवंडी, म्हणून गवंड्याच्या हत्यारांवरून शिकवण दिली जाते: गुण्या म्हणजे सचोटी, पाणसळ म्हणजे समता, ओळंबा म्हणजे सरळ वागणूक, कर्कटक म्हणजे वासनांना घातलेली मर्यादा. चोवीस इंची पट्टी दिवसाचे चोवीस तास दाखवते. त्यातला काही वेळ प्रार्थनेला, काही कामाला आणि काही अडलेल्याच्या मदतीला. बंधुप्रेम, साहाय्य आणि सत्य ही तीन मुख्य तत्त्वं. साहाय्य केवळ तोंडी नव्हतं: मेसनांच्या मुलींसाठी लंडनमध्ये १७८८ साली सुरू झालेली शाळा आजही चालू आहे.

‘हा वेगळा धर्म आहे’ असंही ऐकू येतं. इंग्लिश परंपरेत सभासदाची परमेश्वरावर श्रद्धा असावी लागते. तो कोणता, हे विचारत नाहीत आणि लॉजमध्ये धर्म-राजकारणावर वाद घालू देत नाहीत. भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरु ग्रंथसाहिब असे ग्रंथ शेजारी-शेजारी ठेवलेले असतात. विवेकानंद संन्यासी होण्यापूर्वी, १८८४ मध्ये, कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजचे सभासद झाले होते.

असेच आणखी काही समज. ‘सगळं गुप्त असतं’: विधींचं वर्णन सॅम्युएल प्रिचर्डने १७३० मध्येच छापून विकलं. ‘डॉलरवरचा डोळा मेसनांचा’: तो अमेरिकेच्या राजमुद्रेतून आला, आणि तिचा १७८२ चा अंतिम आराखडा करणारे थॉमसन व बार्टन हे मेसन असल्याची नोंद नाही. ‘एकमेकांची कामं करून देणारी टोळी’: इथे धुरामागे आग एकदा सापडली. १९८१ मध्ये इटलीत लिचो जेल्लीच्या ‘पी-२’ लॉजची ९६२ नावांची यादी उघडकीस आली आणि सरकार कोसळलं. तिथल्या मेसनांच्या मध्यवर्ती संस्थेने मात्र त्या लॉजला १९७६ मध्येच निलंबित केलं होतं.

टीकाच करायची तर तिला भरपूर जागा आहे, आणि ती सैतानापाशी नाही. बंधुप्रेम शिकवणाऱ्यांनी भाऊ निवडताना कातडीचा रंग पाहिला. मुंबईच्या माणेकजी कर्सेटजींना इथल्या आणि इंग्लंडमधल्या लॉजनी नाकारलं, तेव्हा त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. अखेर १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरने मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे भारतीयांना प्रवेश देणारं लॉज काढलं. कलकत्त्यात हिंदूंच्या प्रवेशाला मेसनांच्या प्रांतिक प्रमुखाचाच विरोध होता. प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये अर्ज केला आणि त्यांना प्रवेश मिळाला १८७२ मध्ये. बायकांसाठी तर दार बंदच. म्हणून १८९३ मध्ये पॅरिसला स्त्री-पुरुषांचं संयुक्त मेसनमंडळ निघालं आणि ॲनी बेझंट यांनी ते भारतात आणलं. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारताच्या ग्रँड लॉजमध्ये आजही फक्त पुरुषांनाच सभासद होता येतं.